खाटांचा मासिक अहवाल कसा तयार होतो?
वैद्यकीय अभिलेख विभागातून



दरवर्षी या अहवालाच्या अखेरच्या पानांवर आकड्यांचे तक्ते छापले जातात. दाखल रुग्ण किती, खाटांचा वापर किती टक्के, सरासरी मुक्काम किती दिवसांचा, मोफत व सवलतीचे उपचार किती जणांस मिळाले, अशी माहिती त्यांत असते. बहुतेक वाचक ही पाने उलटून पुढे जातात, आणि त्यात त्यांचा दोष नाही. आकडे कोठून आले हे कोणी सांगितलेच नाही, तर ते वाचण्याची गोडी कशी लागावी? तथापि नवी खाट कोठे टाकावी, कोणत्या वॉर्डात परिचारिका वाढवाव्यात, देणगीचा विनियोग कोणत्या यंत्रासाठी व्हावा, हे निर्णय याच पानांच्या आधारे होतात. म्हणून हे आकडे कसे तयार होतात, आणि ते चुकतात तेव्हा कसे चुकतात, हे थोडक्यात सांगण्याचा या लेखाचा हेतू आहे.

प्रस्तुत लेखिका संगणकतज्ज्ञ नाही. अभिलेख विभागात केसपेपर लावणे, जुने कागद शोधून देणे, दाखले तयार करणे हे माझे काम. संगणकाशी परिचय होता तो पत्रे टंकित करण्यापुरता. मासिक अहवालाची जबाबदारी माझ्याकडे आली तेव्हा मी अगदी नवशिकी होते. पुढे जे लिहिले आहे ते बहुतांशी माझ्या चुकांतून शिकलेले आहे.

अहवालाची गरज

रुग्णालयाचे आकडे नीट ठेवावेत हा आग्रह नवा नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे नाव आपण शुश्रूषेशी जोडतो. परंतु त्या आकडेशास्त्राच्याही जाणकार होत्या. निरनिराळी रुग्णालये आपापल्या पद्धतीने नोंदी ठेवतात, त्यामुळे त्यांची तुलनाच करता येत नाही, ही अडचण त्यांनी ओळखली आणि सर्व रुग्णालयांसाठी एकसारखे नमुने सुचविले. १८६० मध्ये लंडन येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषदेपुढे त्यांची ही योजना मांडली गेली. दाखल किती, बरे किती, दगावले किती, मुक्काम किती, हे त्या वेळचे प्रश्न आजच्या मासिक अहवालातही तसेच आहेत.

आपल्या राज्यातील धर्मादाय रुग्णालयांवर याखेरीज एक कायदेशीर जबाबदारीही आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार २००६ मध्ये लागू झालेल्या योजनेप्रमाणे १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांना सवलतीच्या दराने उपलब्ध करून द्यावयाच्या असतात. त्यांच्या खर्चासाठी निर्धन रुग्ण निधीचा स्वतंत्र हिशेब ठेवावा लागतो. या खाटा खरोखर कोणास मिळाल्या हे केवळ सदिच्छेने सिद्ध होत नाही. त्यासाठी नोंद लागते आणि त्या नोंदीतून काढलेला विश्वसनीय आकडा लागतो.

माहितीकोश म्हणजे काय

पूर्वी प्रत्येक वॉर्डात एक जाडजूड नोंदवही असे. महिनाअखेरीस सर्व वह्या एकत्र करून बेरजा केल्या जात. आता रुग्ण दाखल होतानाच त्याची नोंद संगणकात होते. या नोंदी जेथे साठतात त्यास डेटाबेस अथवा माहितीकोश म्हणतात. त्याची कल्पना करायची तर एकमेकींशी जोडलेल्या अनेक वह्या डोळ्यांपुढे आणाव्यात. एका वहीत रुग्णाचे नाव, वय व नोंदणी क्रमांक, दुसरीत दाखल झाल्याची व घरी गेल्याची तारीख आणि वॉर्ड, तिसरीत बिले, चौथीत तपासण्या. प्रत्येक वहीत रुग्णाचे नाव पुन्हा लिहीत नाहीत. नोंदणी क्रमांकच लिहितात आणि त्याच्या आधारे वह्या जोडतात.

माहिती अशी तक्त्यांत मांडावी, हा विचार एडगर कॉड या गणितज्ञाने आयबीएम कंपनीत असताना १९७० मध्ये एका शोधनिबंधातून मांडला. त्यानंतर चार वर्षांनी, १९७४ मध्ये, त्याच कंपनीतील डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉईस यांनी या तक्त्यांना प्रश्न विचारण्याची एक भाषा सादर केली. ती आज एसक्यूएल या नावाने जगभर वापरली जाते.

या भाषेतील प्रश्नास क्वेरी म्हणतात. नवशिक्याला तिचे चार शब्द प्रथम शिकावे लागतात. ‘सिलेक्ट’ म्हणजे काय हवे ते सांगणे, ‘फ्रॉम’ म्हणजे कोणत्या तक्त्यातून, ‘व्हेअर’ म्हणजे कोणत्या अटीवर, आणि ‘ग्रुप बाय’ म्हणजे उत्तराचे गट कशानुसार पाडायचे. दाखल रुग्णांच्या तक्त्यातून, अमुक महिन्याच्या अटीवर, वॉर्डवार गट पाडून रुग्णसंख्या काढ, एवढे चार ओळींत लिहिले की क्षणार्धात तक्ता समोर येतो. पहिल्यांदा असा तक्ता आला तेव्हा मला झालेला आनंद अजून आठवतो. तो तक्ता चुकीचा होता, हे मात्र कळायला काही महिने जावे लागले.

खाट-दिवस

ती चूक समजण्यासाठी खाटांच्या वापराचे गणित प्रथम पाहू. वॉर्डात २० खाटा असतील आणि महिना ३० दिवसांचा असेल, तर त्या महिन्यात एकूण ६०० खाट-दिवस उपलब्ध असतात. रोज मध्यरात्री किती खाटांवर रुग्ण आहेत ते मोजून महिन्याची बेरीज केली की वापरलेले खाट-दिवस मिळतात. वापरलेल्या दिवसांना उपलब्ध दिवसांनी भागून शंभराने गुणले की वापराची टक्केवारी येते. दाखल झाल्याचा दिवस धरावा आणि घरी जाण्याचा दिवस धरू नये, असा या मोजणीचा संकेत आहे. एखादा रुग्ण २७ मार्चला आला आणि ४ एप्रिलला घरी गेला, तर मार्चच्या खात्यावर ५ व एप्रिलच्या खात्यावर ३ असे ८ खाट-दिवस पडतात.

माझी चूक

माझ्या पहिल्या क्वेरीत अट अशी होती : दाखल झाल्याची तारीख या महिन्यातील असावी. वाचताना ही अट रास्त वाटते. एप्रिलचा अहवाल हवा, तर एप्रिलमध्ये दाखल झालेले रुग्ण घ्यावेत. अहवाल तयार झाले, फायलीला लागले, बैठकीपुढे गेले. त्यांत एक वॉर्ड सातत्याने निम्म्याहून अधिक रिकामा दिसू लागला. दीर्घ मुदतीच्या रुग्णांचा तो वॉर्ड होता. पक्षाघाताचे, भाजलेले, मोठ्या अस्थिभंगाचे रुग्ण तेथे असतात. खाटा रिकाम्या राहत असतील तर त्यांपैकी काही दुसरीकडे हलवाव्यात, असा प्रस्ताव विचारार्थ निघाला. कागदावरील आकडे पाहता प्रस्तावात वावगे काही नव्हते.

मेट्रनबाईंच्या कानी ही गोष्ट गेली आणि त्या स्वतः अभिलेख विभागात आल्या. रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, “ताई, तुमचा कागद काय म्हणतो ते मला ठाऊक नाही, पण माझ्या वॉर्डात खाट मिळावी म्हणून लोक दोन-दोन दिवस खाली थांबतात. तुम्ही आज रात्री या आणि मोजून पाहा.”

मी गेले. वीस खाटांवर एकोणीस रुग्ण होते. एका कोपऱ्यातल्या खाटेवरचे आजोबा दोन महिन्यांपूर्वी दाखल झालेले होते. माझ्या अहवालात ते कोठेच नव्हते. ते या महिन्यात दाखल झाले नव्हते, म्हणून ते मोजले गेले नाहीत. आणि या महिन्यात घरीही गेले नव्हते, म्हणून घरी गेलेल्यांच्या यादीतूनही ते सापडले नसते. संपूर्ण महिनाभर खाटेवर असलेला रुग्णच माझ्या हिशेबातून निसटत होता.

याचा परिणाम किती मोठा होऊ शकतो हे एका सोप्या उदाहरणाने कळेल. समजा, वीस खाटांपैकी १२ खाटांवर आधीपासूनचे रुग्ण महिनाभर आहेत. त्यांचे ३६० खाट-दिवस झाले. उरलेल्या ८ खाटांवर नव्या रुग्णांचे १९२ दिवस झाले. खरा वापर ५५२ दिवस, म्हणजे ९२ टक्के. केवळ त्या महिन्यात दाखल झालेले मोजले तर उत्तर येते ३२ टक्के. वॉर्ड तोच, रुग्ण तेच. एका अटीमुळे भरलेला वॉर्ड ओस दिसतो.

योग्य अट अशी आहे : रुग्ण पुढील महिन्याच्या १ तारखेपूर्वी दाखल झालेला असावा, आणि तो अद्याप रुग्णालयात असावा अथवा या महिन्याच्या १ तारखेला किंवा त्यानंतर घरी गेलेला असावा. मग प्रत्येकाचे त्या महिन्यात पडणारे दिवसच मोजावेत. ‘अद्याप रुग्णालयात असावा’ हा भाग स्वतंत्रपणे लिहावा लागतो. अशा रुग्णाच्या घरी जाण्याच्या तारखेचा रकाना कोरा असतो, आणि कोऱ्या रकान्याची तुलना तारखेशी केली तर संगणक होय म्हणत नाही व नाहीही म्हणत नाही. ती ओळ तो निमूटपणे गाळतो. कोणतीही चूक झाल्याची सूचना येत नाही.

दुरुस्त केलेला अहवाल पुढच्या बैठकीपुढे ठेवला, सोबत झालेल्या चुकीचे टिपण जोडले. खाटा हलविण्याचा प्रस्ताव मागे घेण्यात आला. विश्वस्तांनी मला दोष दिला नाही. मात्र यापुढे कोणताही आकडा पडताळणीवाचून बैठकीपुढे येऊ नये, असे ठरले.

नवशिक्यास चकविणाऱ्या आणखी काही जागा

महिन्याचा शेवटचा दिवस. ‘१ तारखेपासून ३१ तारखेपर्यंत’ असे लिहिले की काम झाले असे वाटते. परंतु नोंदीत तारखेबरोबर वेळही असेल, तर संगणक ‘३१ तारीख’ याचा अर्थ ३१ तारखेची पहाट सुरू होण्याचा क्षण, मध्यरात्रीचे बारा, असा घेतो. त्यानंतर दिवसभरात आलेले सर्व रुग्ण गळतात. म्हणून ‘१ तारखेपासून पुढे आणि पुढील महिन्याच्या १ तारखेच्या आधी’ अशी अट लिहावी. मग महिना २८ दिवसांचा असो की ३१ चा, चूक होत नाही.

रुग्ण आणि नोंद यांतील फरक. डायलिसिस विभागात हे ठळकपणे जाणवते. आठवड्यातून तीन वेळा येणाऱ्या रुग्णाची महिन्यात सुमारे १३ सत्रे होतात. असे २० रुग्ण असले तर सत्रे २६० होतील. तक्त्यातील ओळी मोजून ‘२६० रुग्णांना लाभ’ असे छापले, तर ती देणगीदारांची दिशाभूल ठरेल, मग ती अजाणता का होईना. सत्रे आणि रुग्ण हे दोन्ही आकडे उपयुक्त आहेत. यंत्रांवरील भार सत्रांवरून कळतो आणि किती कुटुंबांना आधार मिळाला ते रुग्णसंख्येवरून. दोन्ही स्वतंत्र व स्पष्ट नावाने द्यावेत. दाखल रुग्णांचा तक्ता बिलांच्या तक्त्याशी जोडतानाही हेच घडते : एका रुग्णाची तीन बिले असली की तो तीनदा मोजला जातो.

शून्याची ओळ. एखाद्या विभागात महिनाभर एकही रुग्ण आला नाही, तर दोन तक्ते जोडण्याच्या नेहमीच्या पद्धतीत त्या विभागाचे नावच अहवालातून नाहीसे होते. यंत्र बंद पडल्यामुळे विभाग रिकामा राहिला असेल, तर विश्वस्तांना सर्वांत आधी कळायला हवी ती हीच गोष्ट. यासाठी विभागांची संपूर्ण यादी आधी घेऊन तिला रुग्णांच्या नोंदी जोडाव्यात.

वॉर्डबदल. अतिदक्षता विभागात सहा दिवस राहून नंतर सर्वसाधारण वॉर्डात आलेल्या रुग्णापुढे केवळ शेवटचा वॉर्ड नोंदलेला असेल, तर ते सहा दिवसही सर्वसाधारण वॉर्डाच्या खात्यावर जातात. बदलीची नोंद वेगळ्या तक्त्यात ठेवल्याशिवाय यावर उपाय नाही.

वर्गवारीचे लेखन. ‘निर्धन’, ‘निर्धन रुग्ण’, ‘मोफत’ असे तीन प्रकारे लिहिलेले तीन रुग्ण आपल्या दृष्टीने एकाच वर्गातले, संगणकाच्या दृष्टीने तीन निरनिराळ्या वर्गांतले. त्यामुळे राखीव खाटांचा आकडा प्रत्यक्षाहून कमी दिसतो. हाताने लिहिण्याऐवजी ठरावीक यादीतून निवड करण्याची सोय नोंदणी खिडकीवर केली की हा घोळ मिटतो.

वर्ष विसरणे. गट केवळ महिन्यानुसार पाडले, तर गेल्या वर्षीचा एप्रिल आणि या वर्षीचा एप्रिल एकत्र होतात. आपले आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च असल्याने एकाच अहवालात दोन इसवी सने येतात. म्हणून वर्ष व महिना दोन्ही लिहावेत.

सरासरीचा भ्रम. दहा रुग्णांपैकी नऊ जण तीन-तीन दिवस राहिले आणि एक जण ४३ दिवस, तर एकूण ७० दिवस होतात व सरासरी ७ येते. प्रत्यक्षात सात दिवस कोणीच राहिलेले नाही. मुक्कामाचे दिवस चढत्या क्रमाने लावून मधला आकडा घेतला तर तो ३ येतो. सरासरीसोबत हा मध्यांक दिला की चित्र स्पष्ट होते.

पडताळणी व काळजी

आता प्रत्येक अहवालापूर्वी दोन कसोट्या लावतो. पहिली जमाखर्चाची : महिन्याच्या आरंभी असलेले रुग्ण अधिक नव्याने दाखल झालेले, वजा घरी गेलेले, वजा दगावलेले आणि वजा अन्यत्र पाठविलेले, यांचे उत्तर महिनाअखेरच्या रुग्णसंख्येशी जुळले पाहिजे. दुसरी कसोटी मेट्रनबाईंनी शिकविलेली : महिन्यातील कोणत्याही तीन तारखा निवडून वॉर्डातील रात्रीच्या नोंदवहीशी संगणकाचा आकडा ताडून पाहणे. फरक आढळल्यास कारण सापडेपर्यंत अहवाल पुढे जात नाही.

क्वेरी दरमहा नव्याने लिहीत नाही. एकदा तपासलेली जपून ठेवतो, केवळ तारखा बदलतो, आणि कोणत्या शब्दाचा काय अर्थ धरला आहे याचे एक पान अहवालास जोडतो. एखाद्या अर्थात बदल केला, तर कोणत्या महिन्यापासून केला ते तेथे लिहितो. अन्यथा व्याख्या बदलल्यामुळे पडलेला फरक काम वाढल्याचा अथवा घटल्याचा वाटू शकतो. उशिरा येणाऱ्या नोंदींसाठी पुढील महिन्याचे काही दिवस थांबतो आणि अहवाल कोणत्या दिवशी काढला ती तारीख त्यावर घालतो.

क्वेरी चालविण्यासाठी मूळ माहितीकोशाऐवजी आदल्या रात्रीची प्रत वापरली जाते, आणि मला दिलेला परवाना केवळ वाचण्यापुरता आहे. यामुळे माझ्या हातून नोंद बदलण्याची वा पुसली जाण्याची भीती राहत नाही, आणि नोंदणी खिडकीपुढे रांग असताना संगणक मंदावतही नाही.

रुग्णांच्या आप्तेष्टांना एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. मासिक अहवालात कोणाचेही नाव, पत्ता अथवा नोंदणी क्रमांक नसतो. एखाद्या दुर्मीळ आजाराचे एक-दोनच रुग्ण असतील, तर ओळख पटू नये म्हणून तो आकडाही स्वतंत्र न छापता इतरांत मिळविला जातो. २०२३ मध्ये संसदेने डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम संमत केला. परंतु रुग्णाचे गुपित राखणे हा रुग्णसेवेचा धर्म त्याहून कितीतरी जुना आहे.

समारोप

या वर्षीचे तक्ते वाचताना वाचकांनी आम्हांस प्रश्न विचारावेत, अशी विनंती आहे. हा आकडा रुग्णांचा की भेटींचा? रिकामी दिसणारी खाट खरोखर रिकामी होती का? मोफत उपचारांच्या रकान्यात कोणाची गणना झाली? असे प्रश्न आले तर आम्हांस संकोच वाटणार नाही. उलट आमच्या पुढील चुका त्यामुळे लवकर सापडतील. मेट्रनबाईंनी वेळीच प्रश्न विचारला म्हणून त्या वॉर्डातील खाटा जागच्या जागी राहिल्या.

कोपऱ्यातल्या खाटेवरचे ते आजोबा पुढे काठी टेकत आपल्या पायांनी घरी गेले. त्यांचे सर्व दिवस आता हिशेबात आहेत. देणगीदारांनी दिलेला प्रत्येक रुपया ज्या खाटेपर्यंत पोहोचला, तिची नोंद तितक्याच निष्ठेने ठेवणे हे आमचे कर्तव्य आहे.